ऐंशीच्या दशकातले भडक व्हॅम्पायर सिनेमे: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेली कित्येक वर्षं मी हे सिनेमे भेटेल त्याच्या गळ्यात मारत आलोय आणि दर वेळी समोरून तेच ते प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदाच काय ते लिहून टाकू. खाली स्पॉयलर आहेत, भरपूर आहेत. सिनेमे चाळीस वर्षांचे झालेत, आता शेवट फोडला म्हणून कोणी भांडायला येऊ नका.

नक्की कुठल्या सिनेमांबद्दल बोलतोयस?

मुख्य दोन. फ्राइट नाइट (१९८५) आणि द लॉस्ट बॉइज (१९८७). हे दोन बघितले की बाकीचं आपोआप कळतं. त्यांच्या आजूबाजूला वन्स बिटन, व्हॅम्प, व्हॅम्पायर्स किस, हाँगकाँगचा मिस्टर व्हॅम्पायर अशी सगळी भावकी आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच.

या सिनेमांना 'कॅम्पी' म्हणतात, ते म्हणजे काय? मराठीत शब्द नाही का याला?

नेमका नाही. 'भडक' म्हटलं तर अर्धा अर्थ येतो, 'नाटकी' म्हटलं तर उरलेला अर्धा, पण दोन्ही शब्द आपण शिवीसारखे वापरतो आणि इथे तर कौतुक करायचंय, तिथे घोटाळा होतो. मी असं सांगतो, की जुन्या संगीत नाटकात छातीत कट्यार घुसलेली असताना पात्र व्यवस्थित पद म्हणतं, आलाप घेतं, आणि पब्लिकनं वन्समोअर दिला तर उठून पुन्हा पहिल्यापासून मरतं. हे खोटं आहे हे त्याला माहितीये, आपल्याला माहितीये, आणि तरी दोघंही डोळ्याची पापणी लवू देत नाहीत. ती जी मजा आहे ना, तीच.

म्हणजे थोडक्यात वाईट सिनेमे, बरोबर?

नाही. इथेच लोक चुकतात आणि मग मला राग येतो. वाईट सिनेमा म्हणजे ज्याला घाबरवायचं होतं आणि जमलं नाही. यांना घाबरवायचंही होतं आणि हसवायचंही होतं, आणि दोन्ही जमलंय, शिवाय लोकांनी पैसे देऊन बघितलंय. फ्राइट नाइटनं एकट्या अमेरिकेत जवळपास अडीच कोटी डॉलर कमावले, लॉस्ट बॉइजनं तीन कोटींच्या वर, आणि त्यांचं बजेट त्या मानानं किरकोळ होतं. लॉस्ट बॉइजचा कॅमेरा मायकल चॅपमननं केलाय, म्हणजे टॅक्सी ड्रायव्हर आणि रेजिंग बुल ज्यानं शूट केले तो माणूस. टुकार सिनेमाला असला माणूस मिळतो का?

मग पहिला कुठला बघू?

फ्राइट नाइट. डोळे झाकून. म्हणजे उघडे ठेवून.

गोष्ट एका वाक्यात सांगायची तर चार्ली नावाच्या कॉलेजच्याही आधीच्या वयाच्या पोराला कळतं की शेजारी राहायला आलेला देखणा, गोडबोल्या, आईला एकदम पसंत पडलेला जेरी डँड्रिज हा व्हॅम्पायर आहे, आणि अर्थातच कोणी विश्वास ठेवत नाही, आई नाही, मैत्रीण नाही, पोलीस नाहीत, म्हणून तो शेवटी टीव्हीवर जुने भुताचे सिनेमे दाखवणाऱ्या पीटर व्हिन्सेंटकडे जातो, जो पडद्यावर व्हॅम्पायर मारायचा.

आता हा पीटर व्हिन्सेंट कोण हे समजावून घ्या, कारण अख्खा सिनेमा त्याच्यावर उभा आहे. अमेरिकेत तेव्हा लोकल टीव्ही चॅनलवर रात्री उशिरा जुने हॉरर सिनेमे लागायचे आणि मध्ये मध्ये झगाबिगा घातलेला एक सूत्रधार येऊन गप्पा मारायचा. १९५४ साली लॉस अँजेलिसमध्ये व्हॅम्पायरा नावाची बाई होती, १९८१ पासून एल्व्हायरा. पीटर व्हिन्सेंट त्यातलाच, फक्त उतरणीला लागलेला. नाव पीटर कुशिंग आणि व्हिन्सेंट प्राइस या जुन्या हॉरर सिनेमांतल्या दोन दिग्गज नटांची नावं जोडून केलंय. आणि चार्ली त्याच्याकडे जातो त्याच दिवशी त्याला नोकरीवरून काढलेलं असतं. तो वैतागून म्हणतो की हल्लीच्या पोरांना व्हॅम्पायर नकोत, त्यांना तोंडावर मुखवटा घालून तरुण पोरींना कापत सुटणारे माथेफिरू हवेत. १९८५ ची परिस्थिती अगदी हीच होती. हॅलोविन १९७८ चा, फ्रायडे द थर्टीन्थ १९८० चा, त्यानंतर पाच वर्षं नुसते चाकू आणि कुऱ्हाडी. व्हॅम्पायर म्हणजे आजोबांच्या काळातला विषय झालेला. म्हणजे बघा, हा व्हॅम्पायरचा सिनेमा आहे आणि त्यातलं पात्रच सांगतंय की व्हॅम्पायरचे सिनेमे संपले!

ठीक आहे, पण त्यात एवढं काय आहे? ट्रेलर बघितला, हसू आलं.

आरशाचा सीन बघा. चार्लीची मैत्रीण एमी आणि मित्र एड पीटरला पाचशे डॉलर देतात, की बाबा तू ये आणि शेजारी व्हॅम्पायर नाहीये हे सिद्ध करून दाखव म्हणजे याचं डोकं ठिकाणावर येईल. सगळं ठरवून केलेलं नाटक. जेरीला 'पवित्र पाणी' प्यायला देतात, ते नळाचं साधं पाणी असतं, तो पितो, झालं, सिद्ध झालं, सगळे खूश. निघताना पीटर सवयीनं खिशातून सिगरेट केस काढतो. ती त्याच्या जुन्या सिनेमातली वस्तू, आत छोटा आरसा. उघडतो, सहज नजर जाते, खोलीतली पोरं दिसतायत पण जेरी दिसत नाहीये. मान वर केली की समोर उभा. आरशात पाहिलं की रिकामी जागा.

यात काय इफेक्ट आहे? काहीच नाही. सगळं पीटर झालेल्या रॉडी मॅकडॉवलच्या चेहऱ्यावर आहे. हात थरथरतो, केस पडते, काच फुटते, तो काहीतरी थातुरमातुर बोलून पोरांना घेऊन सटकतो. आयुष्यभर खोटे सुळे आणि खोटं रक्त बघितलेल्या नटाला पहिल्यांदा खरा व्हॅम्पायर भेटलाय, आणि त्याला पळून जावंसं वाटतंय. मग सगळे गेल्यावर जेरीला जमिनीवर आरशाचा एक तुकडा सापडतो. बस. त्यालाही कळलं की याला कळलं.

पुढे हाच पीटर जिन्यावर उभ्या जेरीसमोर क्रूस धरतो, अगदी सिनेमात धरायचा तसा, आवाज लावून, आणि जेरी हसतो. क्रूस हातात घेऊन चुरगाळून टाकतो. म्हणतो हे चालायला आधी तुझा विश्वास पाहिजे. माझ्या मते ऐंशीच्या दशकातले हे सगळे सिनेमे का टिकले याचं उत्तर त्या एका जिन्यावर आहे. लसूण, क्रूस, लाकडी खुंटी हे सगळं सामान जुनाट झालेलं, त्यावर सगळे हसणार हे बनवणाऱ्यांना पक्कं माहिती, आणि तरी ते त्यावर विश्वास ठेवून सिनेमा करतात. विश्वास नसता तर नुसती टिंगल झाली असती आणि टिंगल दोनदा बघवत नाही. मी फ्राइट नाइट किती वेळा बघितलाय ते बायकोसमोर सांगत नाही.

जेरी सारखा सफरचंद का खात असतो?

नट ख्रिस सॅरंडनच्या डोक्यातून आलेलं. त्याचं म्हणणं असं की वटवाघळात फळं खाणारीही जात असते, तर याच्या रक्तात तिचाही अंश असेल. आपल्याकडे चिकूच्या झाडाखाली सकाळी जो सडा पडलेला असतो तो बघितलेल्या माणसाला हे लॉजिक लगेच पटतं.

लॉस्ट बॉइजमध्ये नुसतीच केसांची स्टाइल आहे असं ऐकलं.

केस आहेत. भरपूर आहेत. व्हॅम्पायरांच्या टोळीचा म्होरक्या झालेल्या कीफर सदरलँडचे मागे लांब आणि वर उभे पांढरेधोप केस म्हणजे त्या दशकाचा फोटो आधारकार्डावर लावल्यासारखं झालंय. लेदर जॅकेट, मोटरसायकली, कानात डूल, समुद्रकिनाऱ्यावरची जत्रा, धूर, निऑन, गुहेत रॉक गायक जिम मॉरिसनचं पोस्टर. दिग्दर्शक जोएल शूमाकर आधी कपडेपट करायचा, ते पदोपदी दिसतं.

पण मूळ कल्पना बघा किती साधी आहे. नाव पीटर पॅनच्या गोष्टीतून घेतलंय, ती कधीच मोठी न होणारी हरवलेली मुलं, रात्री खिडकीतून उडत येणारी. ती व्हॅम्पायर असली तर? पहिल्या स्क्रिप्टमध्ये म्हणे अगदी लहान पोरं होती, शूमाकरनं त्यांना टीनएजर केलं आणि मोटरसायकली दिल्या. पोस्टरवरच लिहिलेलं की दिवसभर झोपा, रात्रभर पार्टी करा, म्हातारं होऊ नका, मरू नका. सांगा, सतरा वर्षांच्या कुठल्या पोराला हे नकोय? रक्त पिणं सोडलं तर इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलचं टाइमटेबल आहे ते.

गावाचं नाव सिनेमात सँटा कार्ला, शूटिंग कॅलिफोर्नियातल्या सँटा क्रूझला. तिथला तो लाकडी रोलरकोस्टर, जायंट डिपर, १९२४ चा आहे आणि अजून चालू आहे. गावाच्या पाटीमागे 'जगाची खुनांची राजधानी' असं रंगवलेलं दाखवलंय ते हवेतून आलेलं नाही, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सँटा क्रूझ परिसरात खरंच एकापाठोपाठ खून झाले होते आणि हे नाव तेव्हाच पडलं होतं.

यातला माझा आवडता सीन जेवणाचा. धाकटा भाऊ सॅम आणि कॉमिक्सच्या दुकानातले दोन फ्रॉग बंधू (नावं एडगर आणि अ‍ॅलन, भयकथा लिहिणाऱ्या एडगर अ‍ॅलन पोवरून, कळलं ना?) यांना संशय की आईचा नवीन मित्र मॅक्स हा व्हॅम्पायर आहे. तो घरी जेवायला आलेला. मग ही कार्टी त्याला स्पॅगेटीवर चीज म्हणून किसलेला लसूण घालतात, अंगावर पवित्र पाणी सांडतात, दिवे घालवून आरसा समोर धरतात. काहीच होत नाही. माणूस नुसता भिजतो आणि चिडतो, आई लाजेनं अर्धमेली. सगळ्या परीक्षा पास, म्हणजे हा साधा माणूस. शेवटी कळतं की दारात आल्यावर त्यानं थोरल्या भावाकडून हसत हसत रीतसर आमंत्रण काढून घेतलं होतं, तूच घरातला कर्ता पुरुष, तू बोलावल्याशिवाय मी आत येणार नाही. आणि व्हॅम्पायरला आपणच आत बोलावलं की मग आपली कुठलीही शस्त्रं चालत नाहीत. हे पहिल्यांदा बघताना मी अक्षरशः पलंगावरून उठून बसलो होतो, कारण तो डायलॉग ऐकूनही ऐकला नव्हता.

आणि तो उघडा, तेल चोपडलेला सॅक्सोफोनवाला?

टिम कॅपेलो. खरा वादक, टिना टर्नरच्या बँडमध्ये वाजवायचा. जांभळी घट्ट पँट, गळ्यात साखळ्या, कंबर हलवत, किनाऱ्यावर मशालीच्या उजेडात. सिनेमात एक-दीड मिनिट असेल, गोष्टीशी काडीचा संबंध नाही, आणि चाळीस वर्षांनी लोकांना हिरो आठवत नाही पण हा आठवतो. का ठेवला विचारू नका. कापला असता तर सिनेमा कमी झाला असता एवढं मला कळतं.

हे सगळं ऐंशीच्याच दशकात का झालं?

तीन-चार गोष्टी एकदम जमून आल्या. एक तर टीनएजर पब्लिक थिएटरात येत होतं, त्यामुळे ट्रान्सिल्व्हेनियातला किल्ला गेला आणि व्हॅम्पायर शेजारच्या बंगल्यात, डिस्कोत, मॉलच्या आसपास राहायला आला. दुसरं म्हणजे मेकअप आणि रबराच्या इफेक्टवाल्यांचा तो सुवर्णकाळ, १९८१ पासून ऑस्करला मेकअपचा वेगळा दरवर्षीचा पुरस्कारच सुरू झाला. तिसरं म्हणजे व्हिडिओ कॅसेट. थिएटरात दोन आठवडे चाललेला सिनेमा भाड्याच्या कॅसेटवर दहा वर्षं जगायला लागला, पोरं तोच सीन मागे घेऊन घेऊन बघायला लागली, डायलॉग पाठ झाले, आणि कल्ट म्हणतात ते असंच तयार होतं.

चौथी गोष्ट जरा गंभीर. १९८१ मध्ये एड्सच्या पहिल्या नोंदी झाल्या आणि रक्तातून, जवळिकीतून पसरणारा मृत्यू हा रोजच्या पेपरातला विषय झाला. त्या काळातल्या व्हॅम्पायरपटांकडे बऱ्याच समीक्षकांनी त्या नजरेनं बघितलंय. फ्राइट नाइट बघताना जेरी आणि त्याच्याबरोबर राहणारा 'रूममेट', किंवा सगळ्यांनी चिडवलेल्या एकट्या एडला जेरी गल्लीत जे समजुतीनं सांगतो, की तुला आता कोणी छळणार नाही, ते बघून आजच्या प्रेक्षकाला वेगळंच काही ऐकू येतं. मला लहानपणी ते काही कळलं नव्हतं, पण एडचं वाईट तेव्हाही वाटलं होतं.

पण इफेक्ट आता हास्यास्पद नाही का वाटत?

काही वाटतात. रबरी वटवाघूळ म्हणजे रबरी वटवाघूळच आहे, त्याला काय करणार. पण फ्राइट नाइटचे इफेक्ट रिचर्ड एडलंडच्या टीमचे, जी घोस्टबस्टर्स नुकताच करून मोकळी झाली होती. त्यात एड लांडगा होतो आणि पीटर त्याला तुटलेल्या लाकडाच्या तुकड्यानं भोसकतो. दुसऱ्या कुठल्या सिनेमात राक्षस मेला की कट टू पुढचा सीन. इथे तो लांडगा हळूहळू, खूप हळूहळू पुन्हा मुलगा व्हायला लागतो. केस जातात, जबडा आत जातो, हात पुढे येतो, मदत मागितल्यासारखा. आणि पीटर व्हिन्सेंट समोर बसून रडतो. रबर आहे, दिसतंय रबर आहे, आणि आपल्याही घशात काहीतरी अडकतं. कारण समोर खरंच काहीतरी होतं, त्यावर खरा लाइट पडलाय, नट खरंच त्याच्याकडे बघतोय. हिरव्या पडद्यापुढे टेनिसबॉलकडे बघून रडायला सांगितलं तर कोणीही तेवढं रडणार नाही.

डोळ्यातल्या त्या पिवळ्या-लाल लेन्स तेव्हा जाड आणि टोचणाऱ्या असायच्या, नटांना त्यातून धड दिसायचं नाही. त्यामुळे ते जे डोळे ताणून भेसूर बघतात त्यात थोडा अभिनय आणि थोडा खरा वैताग आहे असं मी धरून चालतो.

उन्हात जळणं, आरशात न दिसणं, हे नियम कोणी ठरवले?

आरसा ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतून. ऊन मात्र नाही! कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याच्या शक्ती कमी असतात. उन्हानं मरायची भानगड १९२२ च्या नोस्फेराटू या जर्मन मूकपटानंतर रुळली. म्हणजे जो नियम सगळ्यांना पुराणकाळापासूनचा वाटतो तो सिनेमावाल्यांनी शेवट करायला सोपा म्हणून काढलेला आहे.

आमंत्रणाशिवाय आत येता येत नाही हा नियम मला सगळ्यात आवडतो, कारण तो आपल्याला परका नाही. माझी आजी सांगायची की रात्री कोणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हाकामारी असते. म्हणजे तिकडे 'या बसा' म्हणू नका आणि इकडे 'ओ' देऊ नका. दोन्हीकडे मेख एकच, दार आतून आपणच उघडतो.

निअर डार्क यात धरायचा का?

नाही, आणि तरी बघाच. कॅथरिन बिगेलोचा, १९८७ चाच, लॉस्ट बॉइज आला त्याच वर्षी. धुळीनं भरलेला, वेस्टर्नसारखा, पोटात गोळा आणणारा. अख्ख्या सिनेमात व्हॅम्पायर हा शब्द एकदाही येत नाही. कॅम्प वगैरे काही नाही, बिल पॅक्स्टन बारमध्ये जे करतो तेवढी मस्ती सोडली तर. तेव्हा साफ पडला. बिगेलोला पुढे २०१० साली दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी पहिली बाई. लोकांनी मग मागे वळून निअर डार्क शोधला.

द हंगर?

१९८३, टोनी स्कॉट, कॅथरीन देनव्ह, डेव्हिड बोवी, सुसान सॅरंडन. इतका स्टायलिश की पडदे उडतायत की माणसं तेच कळत नाही. यात विनोद नाही आणि तीच गंमत. हो, सुसान सॅरंडन म्हणजे आपल्या जेरी डँड्रिजची, ख्रिस सॅरंडनची घटस्फोटित बायको. दोघंही दोन वर्षांच्या अंतरानं व्हॅम्पायरच्या सिनेमात. असो.

वन्स बिटन, व्हॅम्प, व्हॅम्पायर्स किस, यातला एकच बघायचा असेल तर?

वन्स बिटन (१९८५) मध्ये जिम कॅरी आहे, स्टार होण्याच्या खूप आधीचा, तेवढ्यासाठी बघा आणि शाळेतल्या पार्टीतला डान्स झाला की बंद केलात तरी चालेल. व्हॅम्प (१९८६) मध्ये गायिका ग्रेस जोन्स आहे, तिच्या तोंडी एकही वाक्य नाही आणि अंगावर चित्रकार कीथ हॅरिंगनं स्वतः रंगवलेली नक्षी. ती स्टेजवर येते ते पाच मिनिटं पापणी मिटत नाही. नंतरचा सिनेमा ठीकठाक.

पण एकच असेल तर व्हॅम्पायर्स किस. निकोलस केज, न्यूयॉर्कमधला साहित्यिक एजंट, आपल्याला व्हॅम्पायर चावलीय असं त्याच्या डोक्यात बसतं. खरं की भ्रम हे सोडून द्या. सुळे येत नाहीत म्हणून हा माणूस दुकानात जाऊन सुळे विकत घ्यायला बघतो, चांगले महाग पडतात, मग स्वस्तातले प्लॅस्टिकचे घेतो आणि ते लावून शहरात फिरतो! खिशात पैसे कमी आहेत पण श्रद्धा पूर्ण आहे. यात केजनं खरं जिवंत झुरळ खाल्लंय, कॅमेऱ्यासमोर. स्क्रिप्टमध्ये कच्ची अंडी होती म्हणे, त्यालाच ते मिळमिळीत वाटलं. मोठ्ठे डोळे केलेला त्याचा जो मीम तुम्ही फोनवर शंभरदा बघितलाय तो याच सिनेमातला.

हाँगकाँगचे उड्या मारणारे व्हॅम्पायर?

मिस्टर व्हॅम्पायर, १९८५. हे वेगळंच प्रकरण आहे. चीनमधली जिआंगशी नावाची जुनी भुतं, म्हणजे ताठरलेली प्रेतं, छिंग राजवटीच्या सरकारी पोशाखात, हात पुढे करून टुणटुण उड्या मारत येतात. श्वास रोखून धरला तर त्यांना तुम्ही सापडत नाही, कपाळावर मंत्राचा पिवळा कागद चिकटवला की जागच्या जागी थांबतात. लाम चिंग-यिंग हा भुवया जुळलेला गुरुजी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं हे सगळं करतो आणि त्याचे दोन चेले माती खातात.

यात व्हॅम्पायरच्या विषावर उतारा म्हणून चिकट तांदूळ लागतो आणि दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळून विकतो. भेसळ! माणूस व्हॅम्पायर व्हायच्या बेतात आहे आणि वाणी मापात मारतोय. एवढा आपला वाटणारा हॉरर सिनेमा दुसरा नाही.

आपल्याकडे असं काही झालं का?

रामसे बंधू. पुराना मंदिर १९८४, वीराना १९८८, आणि सरळसरळ व्हॅम्पायरचा म्हणाल तर बंद दरवाजा, १९९०. काळी पहाडी, काळा झगा, लाल डोळे. तो राक्षस झालेला अनिरुद्ध अगरवाल हा रुरकीचा सिव्हिल इंजिनिअर, हे सांगितलं की कोणाचा विश्वास बसत नाही. आणि यांच्या सुरुवातीच्या दो गज जमीन के नीचेचं (१९७२) शूटिंग महाबळेश्वरला झालं. स्ट्रॉबेरी क्रीम खायला जातो आपण तिथे.

पण खरी गंमत मराठीत आहे आणि ही मी प्रत्येकाला सांगतो. फ्राइट नाइटचा दिग्दर्शक टॉम हॉलंड. हा त्याचा पहिलाच सिनेमा. त्यानं १९८८ साली काय केलं? चाइल्ड्स प्ले, मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो तो. त्यातला इन्स्पेक्टर कोण? ख्रिस सॅरंडन, आपला सफरचंदवाला. आणि त्या बाहुल्यावरून १९९३ मध्ये महेश कोठारेंनी काय केलं ते मी सांगायची गरज आहे का? ओम फट् स्वाहा! म्हणजे जेरी डँड्रिज आणि तात्या विंचू हे नात्यानं चुलतभाऊ लागतात. आणि झपाटलेला बघताना आपण जे करतो, म्हणजे बाहुला रामदास पाध्यांनी केलेला आहे हे माहिती असतं, आवाज दिलीप प्रभावळकरांचा आहे हे माहिती असतं, लक्ष्याच्या बोबडीवर हसत असतो, आणि तरी रात्री माळ्यावरच्या खेळण्यांकडे पाठ करून झोपत नाही, अगदी तेच हे सिनेमे करतात. त्यामुळे मला कॅम्प समजत नाही असं कुठल्याही मराठी माणसानं म्हणू नये.

व्हॅम्पायरला मराठीत काय म्हणायचं?

व्हॅम्पायरच म्हणा. रक्तपिपासू पिशाच्च म्हटलं की पेपरातली बातमी वाटते. वेताळ चालणार नाही, वेताळ हा कोकणात आणि गोव्यात चक्क ग्रामदेव आहे, त्याला नारळ फुटतात. रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना वेताळाचा व्हॅम्पायर करून टाकला, तेव्हापासूनचा हा गोंधळ. आपला वेताळ कोडी घालतो, प्रेतात राहतो, पण कोणाच्या मानेला तोंड लावत बसत नाही.

तू पहिल्यांदा कधी बघितलास?

मे महिन्याची सुट्टी, बदलापूरला मामाकडे, भाड्यानं आणलेला व्हीसीआर. रात्रभराचं भाडं दिलंय म्हणून चार कॅसेट एकामागून एक, त्यातली शेवटची फ्राइट नाइट. कॅसेट कॉपीची कॉपीची कॉपी असणार, कारण जेरी अख्खा सिनेमाभर हिरवट दिसत होता आणि मला वाटलं व्हॅम्पायर असतातच हिरवे. एमीचं तोंड कानापर्यंत फाटतं, आत शार्कसारखे दात, नेमकं तिथे हेड खराब झालं आणि ते तोंड पडद्यावर आडव्या रेघांमध्ये तसंच थरथरत राहिलं, मामा स्क्रू ड्रायव्हर शोधत होता आणि आम्ही सहा पोरं एका चादरीत. नंतर डीव्हीडीवर स्वच्छ प्रिंट बघितली तेव्हा तो सीन जेमतेम काही सेकंदांचा निघाला, जरा फसवल्यासारखंच वाटलं.

२०११ चा रिमेक?

कॉलिन फॅरल मस्त आहे, सॅरंडन स्वतः छोट्या भूमिकेत येऊन जातो. बघा एकदा. दुसऱ्यांदा बघावासा वाटला तर मला कळवा.

ट्वायलाइट आवडतं मला. चालेल का?

चालेल की. कोणी कोणाच्या सुळ्यांवर जाऊ नये.

पोरांना दाखवू का?

फ्राइट नाइट आणि लॉस्ट बॉइज दोन्ही अमेरिकेत आर रेटिंगचे आहेत, शिव्या आहेत, रक्त आहे, फ्राइट नाइटमध्ये खिडकीतला एक सीन आहे ज्यात पालकांना अचानक पाणी आणायला उठावंसं वाटेल. दहावीनंतर दाखवा. लहान असतील तर मिस्टर व्हॅम्पायरपासून सुरू करा, पण मग आठवडाभर घरात हात पुढे करून उड्या मारत फिरतील आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतील. आमच्याकडे आल्या होत्या.

लसूण खरंच चालतो का?

सिनेमावर अवलंबून. लॉस्ट बॉइजच्या शेवटी फ्रॉग बंधू बाथटब भरून पवित्र पाणी आणि त्यात लसूण टाकून बसतात, व्हॅम्पायर येतो, लसणाकडे बघून हसतो, लसूण चालत नाही रे पोरांनो म्हणतो. तेवढ्यात सॅमचा कुत्रा, नानुक, मागून येऊन अशी काही झेप घेतो की तो व्हॅम्पायर सरळ टबात, आणि मग घरातल्या एकूणएक पाइपातून जे काय उसळतं ते बघून प्लंबरला फोन करावासा वाटतो. तेव्हा लसूण ठेवा फोडणीला. कुत्रा पाळा.